नवव्या प्रकरणातलं कुत्रं

माझ्या नाकाचं हाड मोडलं ते एका कुत्र्यापायी, आणि ते कुत्रंही कागदावरचं. लोक विचारतात, अजराबाई, मुलांच्या पुस्तकांवर लिहिणाऱ्या बाईला कोण कशाला मारेल? मीही तसंच समजत होते. मोठ्यांच्या कादंबऱ्यांवर लिहिणारे एकमेकांच्या उरावर बसतात, ते मी पुष्कळ पाहिलंय. बालसाहित्यात मात्र सगळ्यांनी सगळ्यांना गोड म्हणायचं अशी रीत आहे. मला ती जमत नाही. मुलाच्या हातात खोटं पुस्तक देणं आणि दुधात पाणी घालणं ही माझ्या लेखी एकाच जातीची लबाडी, आणि दूधवाल्याला आपण निदान तोंडावर चार शब्द सुनावतो.

क्रांती चौकातल्या एका पेपरच्या रविवार पुरवणीत माझं सदर होतं: मुलांसाठी आणि कुमारांसाठी आलेली नवी पुस्तकं. काम करायची पद्धत माझी स्वतःची. शाळेतून रिटायर झाल्यापासून छावणीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी मुलांचं वाचनालय चालवत होते. रविवारी सकाळी पोरं सतरंजीवर बसायची आणि मी नवं पुस्तक मोठ्यानं वाचायची. वाचताना मी त्यांच्याकडे बघत नाही, नुसता कान देते. गोष्ट खरी असेल तोवर पोरं हलत नाहीत. लेखक थापा मारायला लागला की आधी पाय हलतात. टाचा घासल्या जातात, कुणी कुणाला चिमटा काढतं, कुणाला एकाएकी तहान लागते. तिथं मी पानाचा कोपरा दुमडते. परीक्षण लिहायला बसले की दुमडलेली पानं तेवढी उघडते. लेखकमंडळींत याचा बोलबाला झाला होता. "बाईंनी पान दुमडलं" म्हटलं की भलेभले गडी तोंड पाडून बसत.

काकासाहेबांचं पुस्तक खोकं भरून आलं. काकासाहेब म्हणजे वाळूजच्या कारखान्यांना मजूर पुरवणारे कंत्राटदार. त्यांच्या शब्दावर माणसं शिफ्टच्या बसमध्ये चढायची आणि त्यांच्याच शब्दावर घरी बसायची. संपाची भाषा करणाऱ्या एखाद्याचे गुडघे फुटले की बोट कुणी दाखवत नसे, पण मान सगळ्यांची एकाच दिशेला वळायची. अशा माणसानं कुमारांसाठी कादंबरी लिहिली, नाव 'भट्टीवरची पोरं', आणि तिच्या प्रकाशनाला शाल-श्रीफळांचा नुसता ढीग पडला. पुरवणी बघणारे रामकिसन यांचा मला लगेच फोन आला.

"बाई, या खेपेला जरा गोड लिहा. त्यांच्या पानपानभर जाहिराती असतात."

मी सुरीला धार लावून बसले, आणि पुस्तक चांगलं निघालं! फार राग आला मला. नावडत्या माणसानं चांगलं लिहावं यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही.

गोष्ट दोन भावांची. नगर रस्त्याला, कारखाने यायच्या आधी, विटांच्या भट्ट्या होत्या. तिथल्या एका मुकादमाची ही पोरं. थोरला गोष्ट सांगतो. धाकटा बन्सी, सात वर्षांचा. बाप गाढवांचा चाबूक कमरेला लावून हिंडतो आणि गाढवांपेक्षा माणसांवर जास्त चालवतो. वळ उठलेल्या पाठीत भट्टीची राख गेली की अंघोळीला काय होतं, ते लेखकानं असं लिहिलं होतं की वाचताना मला माझी पाठ चोरावीशी वाटली. आणि एक लाल कुत्रं, लाल्या. ते बन्सीचं. बन्सीवर कुणी हात उगारला की लाल्या चावलाच म्हणून समजा. चौथ्या प्रकरणात त्यानं मुनशीची पोटरी फाडली. सहाव्यात खुद्द थोरल्या भावाला सोडलं नाही. दोन रविवार मी वाचत होते आणि सतरंजीवर एक टाच घासली गेली नाही.

मग नववं प्रकरण आलं. वाळत घातलेल्या कच्च्या विटांवरून लाल्या धावत जातो. रांगाच्या रांगा, प्रत्येक विटेवर त्याच्या पंजाचा ठसा. बाप कमरेचा चाबूक सोडतो आणि बन्सीकडे निघतो. आणि पुढच्या ओळीला बापाचे डोळे भरून येतात! तो चाबूक टाकतो, बन्सीला उराशी कवटाळतो, आणि पान उलटलं की बापलेक हसत हसत विटा रचतात.

सतरंजीवर टाचाच टाचा. माझी भाची शमशाद, धाकट्या भावाची मुलगी, तेव्हा सातवीत होती. तिनं सरळ तोंड उघडलं.

"फुप्पी, लाल्या कुठं गेला? बन्सीच्या अंगावर कुणी आलं की तो चावतो ना? मग बापाला का नाही चावला?"

मी पुढची पानं चाळली. शेवटपर्यंत लाल्या नव्हता. एकदा भुंकलासुद्धा नव्हता. मी पान दुमडलं.

परीक्षणात मी आठ प्रकरणांची मनापासून वाखाणणी केली. इतकी आजवर कुणाची केली नसेल. शेवटी लिहिलं: "नवव्या प्रकरणात मात्र लेखकाचा हात कचरला आहे. बापाला एकाएकी पाझर फुटला तेव्हा लाल्या कोठे होता? तो परत का आला नाही? लेखकमहाशयांनी कुत्रे शोधून काढावे, म्हणजे त्यांना त्यांची गोष्टही सापडेल." ही शेवटची ओळ लिहून मी स्वतःवर खूष होऊन चहा प्याले होते.

बुधवारी दुपारी मी आणि शमशाद सुट्या झालेल्या पुस्तकांना खळ लावत बसलो होतो. तीन माणसं आत आली. दोघांनी काही न बोलता कपाटं आडवी केली. फाडली तेवढी पुस्तकं फाडली, उरलेली उचलून अंगणातल्या पाण्याच्या हौदात टाकली. तिसरा माझ्यासमोर उभा राहिला. पन्नाशीकडे झुकलेला, रुंद, केसांत पांढरं, हातात तेल पाजलेली काठी. चेहऱ्यावर राग नव्हता. पोती उतरवायला आलेल्या माणसाचा चेहरा.

"येत्या रईवारी पेपरात लिवायचं," तो म्हणाला. "कुत्र्याचं लिवलं ते चुकलं म्हनून."

"का? कुत्रं सापडलं का?" मी विचारलं. माझी जीभ अशीच आहे.

त्यानं मान वळवून उजवा कान पुढं केला. "काय म्हनलात?"

मी तेच पुन्हा, मोठ्यानं म्हणाले. त्यानं उलटा हात माझ्या नाकावर मारला. कडकन आवाज झाला आणि तो बाहेरून नाही, माझ्या डोक्याच्या आतून आला. खळीच्या वाडग्यात माझं रक्त पडत होतं ते मला आधी दिसलं आणि दुखलं नंतर. दुसऱ्या फटक्याला त्यानं हात उचलला तशी शमशाद उठली आणि त्याच्या मनगटाला कचकचून चावली.

मी ओरडले. मला वाटलं आता हा पोरीला भिंतीवर आपटणार. पण त्यानं हात झटकलाच नाही. तिनं आपण होऊन सोडेपर्यंत तसाच उभा राहिला. मग दातांच्या खुणा बघत राहिला, बराच वेळ, आणि साथीदारांना म्हणाला, "चला." जाताना तो माझ्याकडे बघून गेला नाही, तिच्याकडे बघून गेला.

दवाखान्यातून मी परस्पर ठाण्यात जाऊन तक्रार दिली. काकासाहेब त्या दिवशी हैदराबादला होते असं निघालं. ते असणारच होते. माझा भाऊ मजीद रिक्षांच्या सीटची कव्हरं शिवतो. त्यानं दुकान बंद करून माझ्यापुढं हात जोडले.

"आपा, लिख डालो ना चार लाइन. कुत्ते के वास्ते जान देते क्या? मेरी बच्ची थी उधर!"

त्याचं खरं होतं. रामकिसन तर खुलासा लिहूनच घेऊन आले होते. "दगडापेक्षा वीट मऊ, बाई. सही करा आणि मोकळ्या व्हा."

सुजलेल्या तोंडानं मी सही केली असतीही. पण खुलाशात शब्द होता 'नजरचूक'. पोरांचे पाय मी कानांनी ऐकले होते, त्यात नजरेचा काय संबंध! माझं डोकं फिरलं.

"काकासाहेबांना सांगा," मी म्हणाले, "रविवारी स्वतः या. तुमच्यादेखत मुलांना नववं प्रकरण वाचून दाखवते. एकाही पोरानं पाय हलवला नाही, तर खुलासाच काय, माझी चूक झाली असं माझ्या हातानं लिहीन आणि सदर कायमचं बंद करीन. पाय हलला, तर त्यांनी ते प्रकरण पुन्हा लिहायचं."

रामकिसन हसले. मी हसले नाही. ते सदर म्हणजे माझ्या आयुष्यात उरलेली एकच गोष्ट होती जिच्यासाठी लोक मला ओळखायचे, आणि ती मी पैजेवर लावली होती. काकासाहेबांनी निरोप धाडला: येतो.

रविवारी नेहमीच्या निम्मीच पोरं आली. बाकीच्यांना आयांनी धाडलं नव्हतं. शमशादला मजीदनं कोंडून ठेवलं होतं. ती मागच्या भिंतीवरून आली. काकासाहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, अत्तर लावून आले. खुर्चीवर बसले, मुलांना गोळ्या वाटल्या. आणि त्यांच्या मागोमाग तोच रुंद माणूस दारात येऊन उभा राहिला, हातात तीच काठी.

"हा कशाला?" मी विचारलं.

"माझा माणूस आहे. माझ्यासंगं असतो," काकासाहेब म्हणाले. "वाचा बाई. आज तुमचे कान बघू."

मी वाचायला लागले. कच्च्या विटा, लाल्याचे पंजे, बापाचा चाबूक. खोलीत अशी शांतता की मला माझ्या पट्टी लावलेल्या नाकातली शिट्टी ऐकू येत होती. बापाचे डोळे भरून आले. एक टाच नाही. मी जन्मात पहिल्यांदा वाचताना मान वर करून मुलांकडे पाहिलं.

ती पुस्तकाकडे बघतच नव्हती. सगळ्यांचे डोळे त्या काठीवर होते. पुढच्या रांगेत बसलेल्या सगळ्यात लहान पोराच्या चड्डीतून ओल सतरंजीवर पसरत चालली होती आणि तरी ते जागचं हललं नव्हतं. तेव्हा मला कळलं मी काय करून बसले होते. भ्यालेलं पोरही हलत नाही. सगळी हयात मुलांत गेली आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, कारण माझ्या खोलीत तोवर कुणी भ्यालेलं नव्हतं. माझ्याच नियमानं मी हरत होते, आणि वर त्या लेकरांना या भानगडीत ओढलं होतं. मला स्वतःची शिसारी आली.

"थांबलात का?" काकासाहेबांनी विचारलं. त्यांना ओल दिसली होती. क्षणभर त्यांची नजर तिथं अडकली, मग त्यांनी ती काढून घेतली. "एक पाय हलला नाही. पुरं करा."

मी पुरं केलं. "बापाने चाबूक फेकून दिला आणि बन्सीला उराशी कवटाळले. बन्सीच्या केसांवरून तो कितीतरी वेळ हात फिरवत राहिला."

खर्रर्र.

आवाज सतरंजीवरून आला नाही. दारातून आला. शहाबादी फरशीवर वहाण घासली गेली होती. मग पुन्हा एकदा. तो माणूस एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता आणि त्यानं उजवा कान आत केला होता.

"दादा," तो म्हणाला, "बापानं मला कवा जवळ घेतलं?"

माझ्या हातातलं पुस्तक खाली आलं. बन्सी! पुस्तकातला बन्सी माझ्या दारात काठी घेऊन उभा होता, आणि त्याला वाचता येत नव्हतं. आपल्यावर काय लिहिलंय ते तो आज पहिल्यांदा ऐकत होता.

"तू गप ऱ्हा," काकासाहेब म्हणाले. "भाईर जाऊन उभा ऱ्हा."

"असं नव्हतं झालं, दादा."

"लेकरांचं पुस्तक हाय ते. लेकरांसाठी असंच लिवावं लागतं."

"बापानं मला गाडीच्या चाकापाशी उभं केलं," बन्सी म्हणाला. तो भावाला सांगत नव्हता, मुलांना सांगत होता, आणि पोरं आता त्याच्या तोंडाकडे बघायला लागली होती. "मह्या दोन्ही हाताला ह्यानं धरलं हुतं. ह्या दादानं. चाबकाची गाठ कानावर बसली, तवापासून हा कान गेला. लाल्या बापावर धावला. बाप ह्याला म्हनला, मार त्या कुत्र्याला, न्हाय तर बन्सीला मारीन. मंग ह्यानं भट्टीची सळई घेतली..."

काकासाहेब उठले आणि त्यांनी बन्सीच्या थोबाडीत मारली. रागानंही नव्हे, सवयीनं. तो गाल त्यांच्या हाताच्या ओळखीचा होता. बन्सीची मान फिरली आणि परत जाग्यावर आली.

मग काठी आली. पहिला फटका काकासाहेबांच्या कोपराखाली बसला आणि हात नको तिथं वाकला. दुसरा खांद्यावर. ते सतरंजीवर गुडघ्यांवर पडले, पोरं किंचाळत भिंतीला चिकटली. तिसऱ्यानं कपाळ फुटलं आणि पांढऱ्या कपड्यांवर रक्त उतरलं. मी बुधवारपासून मनातल्या मनात या माणसाला असाच मार बसताना बघत होते आणि मला बरं वाटत होतं. आता तो डोळ्यांपुढं बसत होता आणि मला बघवत नव्हता.

"मी लहान होतो रे बन्सी!" काकासाहेब ओरडले. "तेरा वर्साचा होतो मी!"

"मी सात वर्साचा हुतो," बन्सी म्हणाला आणि काठी डोक्याच्या वर नेली.

मी मधे गेले. धाडस वगैरे काही नाही, तिथं दुसरं मोठं माणूस नव्हतं. काठी माझ्या मनगटावर आली आणि मी ती दोन्ही हातांनी पकडून ठेवली. "बन्सी," मी म्हणाले, "पोरं आहेत."

त्यानं पोरांकडे बघितलं. सतरंजीवरच्या ओल्या डागाकडे बघितलं. त्याच्या हाताची पकड सुटली, काठी माझ्याकडेच राहिली. काकासाहेब मोडलेला हात पोटाशी घेऊन भिंतीला टेकून बसले होते आणि लहान पोरासारखे हुंदके देत होते. कुणीतरी मजीदला बोलवायला पळालं.

बन्सी मात्र गेला नाही. वहाणा काढून तो सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसला. पोरं त्याच्यापासून सरकली. शमशाद सरकली नाही. त्याच्या मनगटावर तिच्या दातांचं हिरवंनिळं कोंडाळं अजून होतं. त्यानं ते दुसऱ्या हातानं झाकलं.

"बाई," तो म्हणाला, "पुढं वाचा. लाल्या पुढं येतो का?"

पुस्तक माझ्या हातात होतं. मी काहीही वाचलं असतं तरी त्याला कळलं नसतं. लाल्या शेपटी हलवत टेकाडावरून खाली आला असं मी म्हणू शकत होते, आणि त्या घटकेला माझी तशी इच्छा झाली, खोटं कशाला बोलू. माझ्या नाकाचं हाड मोडणारा माणूस उजवा कान पुढं करून बसला होता. शमशाद माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"नाही," मी म्हणाले. "शेवटपर्यंत कुठंच येत नाही."

बन्सीनं मान हलवली आणि भिंतीशी बसलेल्या भावाकडे बघितलं.

"तेवढं खरं लिवलंय त्यानं," तो म्हणाला.